तूर्झेल यांच्या आठवणी : अधिकारपद आणि व्यक्ती

फ्रेंच राज्यक्रांतीवरील आठवणीपर वाङ्मयात डचेस द तूर्झेल यांचा द्विखंडात्मक ग्रंथ वेगळा उठून दिसतो. लेखिकेचे निधन १८३२ मधले, ग्रंथाचे मुद्रण १८८३ मधले. ग्रंथाच्या नावातच ‘फ्रान्सच्या राजकुलातील मुलांची पालनकर्ती’ हा अधिकार नमूद आहे, आणि ग्रंथातील निवेदनही त्या अधिकाराचेच आहे. व्यक्ती तीत शोधावी लागते.

जुलै १७८९ मध्ये डचेस द पोलिन्याक यांनी देश सोडला आणि हे पद तूर्झेल यांच्याकडे आले. त्या वेळी त्या मार्कीझ होत्या. पती १७८६ मध्ये वारले होते. युवराजाला क्षणभरही न विसंबणे हा या पदाचा हक्क मानला जाई. या हक्काची कसोटी लागली ती २० जून १७९१ च्या रात्री. पलायनाच्या बग्गीत त्या ‘बॅरनेस द कोर्फ’ झाल्या, राणी त्यांच्या मुलींची शिक्षिका झाली, राजा नोकर झाला, आणि युवराजाला मुलीचा वेश चढविण्यात आला. एखाद्या नाटककाराने या उलटापालटीचे सोने केले असते! तूर्झेल यांचे लक्ष मात्र मुलांवरून ढळत नाही.

त्यांनी आपल्या जागेचा आग्रह धरल्यामुळे दागू नावाच्या अनुभवी सरदाराला बग्गीत जागा उरली नाही, असा ठपका सेनापती बुये यांच्या आठवणींत आढळतो. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि व्हारेन येथील अपयशाचे सारे ओझे एका स्त्रीच्या आसनावर लादणे अन्यायाचे होय. विलंब झाला, वाटेवरील घोडदळाच्या तुकड्या जागेवर राहिल्या नाहीत. आणि शेवटचा शब्द तर राजाचाच होता.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य पद हिरावले गेल्यानंतर प्रकट होते. ऑगस्ट १७९२ मध्ये तांपलच्या बंदिवासातील मुलांपासून तोडून त्यांना कन्या पोलीनसह ला फोर्सच्या तुरुंगात टाकण्यात आले. सप्टेंबरच्या कत्तलीत त्यांच्या सहबंदी प्रिन्सेस द लांबाल मारल्या गेल्या; त्यापूर्वीच पोलीनला रात्री कोठडीतून नेण्यात आले होते. परक्यांच्या लेकरांसाठी वाहिलेल्या लेखणीत येथे प्रथमच स्वतःच्या लेकराची आई बोलते.

१७९५ मध्ये राजकन्या मारी-तेरेझ हिला भेटण्याची परवानगी मिळाली, तेव्हा युवराज हयात नव्हता. तूर्झेल यांनी त्याच्या मृत्यूची कसून चौकशी केली आणि तो मृत्यू खरा मानला. पुढे युवराज म्हणवून घेणारे अनेक तोतये निपजले, म्हणून ही काही पृष्ठे विशेष मोलाची आहेत.