फेरीवाल्याचा नकार आणि गुलामाचा अर्ज

जेम्स फेनिमोर कूपर यांची ‘द स्पाय’ (१८२१) ही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरील कादंबरी. तिचा नायक हार्वे बर्च हा गरीब फेरीवाला. इंग्रजांचा हेर अशी बदनामी पत्करून तो प्रत्यक्षात वॉशिंग्टनसाठी बातम्या काढतो. अखेर वॉशिंग्टन त्याच्यापुढे सोने ठेवतो आणि तो ते नाकारतो. इथे वाचकाने गहिवरावे अशी लेखकाची योजना आहे. मी गहिवरलो नाही. माझे लक्ष सीझरकडे होते.

सीझर हा व्हार्टन कुटुंबाचा काळा चाकर. त्याच्या नाकाची, पायांच्या ठेवणीची थट्टा करण्यात कूपर रमतात. पण कथेला पेच पडतो तेव्हा हाच सीझर कामी येतो. फाशीची शिक्षा झालेल्या हेन्री व्हार्टनला बर्च काळा मुखवटा चढवतो, सीझरचे कपडे घालतो आणि पहाऱ्यातून बाहेर काढतो. सीझर मागे कोठडीत बसतो. काळ्या चेहऱ्याकडे कोणी माणसाचा चेहरा म्हणून पाहत नाही, हे कूपर जाणतात. पण त्याचा फायदा ते गोऱ्या तरुणाला देतात. काळा माणूस स्वतःच हेर होऊ शकतो, हे त्यांच्या कादंबरीला सुचत नाही.

प्रत्यक्षात ते चाळीस वर्षांपूर्वीच घडून गेले होते. १७८१ साली व्हर्जिनियात विल्यम आर्मिस्टेड याचा गुलाम जेम्स हा लाफायेतसाठी कॉर्नवॉलिसच्या छावणीत शिरला. वाढपी, चाकर यांच्यासमोर साहेब लोक मोकळेपणाने बोलत. माणूस म्हणून मोजले न जाणे हेच त्याचे हत्यार झाले. ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला. देश स्वतंत्र झाला. जेम्स गुलामच राहिला. धन्याच्या बदली सैन्यात लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा १७८३ साली झाला, पण हेर हा सैनिक नव्हे! लाफायेतने १७८४ साली त्याला प्रशस्तिपत्र दिले. ते जोडून जेम्सने विधिमंडळाकडे अर्ज केला, तेव्हा कुठे १७८७ साली तो मुक्त झाला. आणि भरपाई मिळाली ती धन्याला!

आता बर्चचा नकार पुन्हा वाचा. सोने नाकारायला आधी स्वतःचा देह स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. ज्याचा देहच दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याने निरिच्छ राहावे हा उपदेश म्हणजे लबाडी आहे. जेम्सने मागितले. मुक्ती मागितली, पुढे म्हातारपणी निवृत्तिवेतनही मागितले. त्यात कमीपणा कसला? हक्काची मागणी आणि बक्षिसाचा लोभ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. त्या नात्याने मी म्हणतो: ‘द स्पाय’ जरूर वाचावी, वर्गात शिकवावीही. मात्र तिच्या शेजारी जेम्सचा अर्ज ठेवावा. स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न कादंबरीने टाळला आहे. त्या अर्जाने तो विचारला आहे.