बीड जिल्ह्यातील घररचना : कामाची सोय आणि देखणेपण

बीड जिल्ह्यातील घर गेल्या काही दशकांत टप्प्याटप्प्याने बदलले. मातीचे माळवद गेले, पत्रा आला, मग सिमेंटचा स्लॅब आला. घरे पक्की आणि उजेडाची झाली, संडास-न्हाणीघर आत आले, धूर गेला. हा लाभ मोठाच आहे. पण जिथे नवरा-बायको दोघेही शेतात, शाळेत, दुकानात किंवा दवाखान्यात राबतात, तिथे घरातले काम किती हलके झाले हे पाहिले, तर या नव्या घररचनेची लंगडी बाजू उघडी पडते.

जुने घर शेतीच्या कामावर बेतलेले असे. त्याचे माप खणांत सांगत; दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि कड्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची बांधणी होती. दाराजवळच्या ढेळजेत आल्यागेल्याची बैठक आणि अवजारे, ओसरीत निवडण-टिपण, माजघरात भांड्यांची उतरंड, भिंतीतच बांधलेल्या बळदात ज्वारी. माळवदावर कुरड्या-पापड वाळत, उन्हाळ्यात माणसे तिथेच झोपत. प्रत्येक कामाला ठरलेली जागा हे या रचनेचे बळ होते. तिच्या उणिवाही ठसठशीत होत्या. उजेड आणि हवा छताच्या साण्यातून (झरोक्यातून) येईल तेवढीच; चुलीचा धूर घरात कोंडे; सारवण, पाणी भरणे, बसून-वाकून रांधणे हे सगळे बाईच्या अंगावर पडे. पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला की माळवद गळे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने माळवदावरचा उरलासुरला विश्वास उडवला. शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली, त्यांतली बहुसंख्य जड छत आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींखाली. भिंतींच्या दोन्ही बाजू सांधणारे लांब बांधदगड नव्हते, हा मुख्य दोष होता. लोकांनी मात्र जाड भिंतीच टाकून दिल्या, आणि त्यांच्याबरोबर घरातला गारवाही गेला.

आज अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा गावांत २० बाय ३० किंवा ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर साधारण एकाच घडणीचे घर दिसते: रस्त्याकडे हॉल, बाजूला बेडरूम, मागच्या कोपऱ्यात किचन. आराखडा बहुधा मालक आणि गवंडी मिळून ठरवतात; वास्तुशास्त्राचा सल्ला अगत्याने घेतला जातो, वास्तुविशारदाचा क्वचितच. पैसा एलेव्हेशन, पीओपीचे छत आणि चकचकीत फरशी यांवर पडतो. परिणामी दिवसातून तासभर वापरला जाणारा हॉल प्रशस्त, तर पहाटेपासून राबता असलेले किचन अरुंद, आणि त्याची एकुलती खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे. वर्षाचा गहू-ज्वारी ठेवायला जागा धरलेली नसते, म्हणून कोठ्या बेडरूममध्ये येतात. अनेक ठिकाणी नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते. तरी हौद आणि गच्चीवरची टाकी यांचा विचार शेवटी होतो आणि प्लॅस्टिकचे ड्रम बोळात उभे राहतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की उघडा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो.

ओट्याचे उदाहरण बोलके आहे. स्वयंपाकघर श्रमांच्या हिशेबाने आखण्याचा गाजलेला प्रयोग वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टला केला; सुमारे १.९ बाय ३.४ मीटरच्या खोलीत प्रत्येक वस्तू हाताशी येईल अशी मांडणी त्यांनी बसवली. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे आहे. पण बीडमध्ये हे किचन कॅटलॉगमधून उचलले जाते. ३३-३४ इंची ओटा भाजी चिरायला ठीक. भाकरी थापताना मात्र पाच फूट उंचीच्या बाईला तो उंच पडतो, खांदे वर ओढले जातात आणि तळहाताचा जोर कमी पडतो. म्हणून ग्रॅनाइटचा ओटा असूनही कित्येक घरांत परात आणि शेगडी जमिनीवर येते. ओट्याचा दोन-अडीच फुटांचा एक भाग २९-३० इंचांवर उतरवला, तर हा प्रश्न थोड्या खर्चात सुटतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांच्या श्रमांवर अभ्यास झाला आहे; तो गवंड्यांच्या हाताशी पोचणे गरजेचे आहे.

घरकुलांची अडचण वेगळी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे, आणि त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र जागा धरली आहे. एवढ्या जागेत सगळी भिस्त मांडणीवर असते. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, अनेक महिने कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहतात. मागे म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. अशा घराला कुलूपबंद कोरडी साठवण, सावलीची ओसरी आणि पाय न घसरणारी मोरी आधी हवी. वर्षभर नांदत्या घराचा ठरीव नमुना इथे अपुरा पडतो. लोक स्वतःच्या खर्चाने पुढे पत्र्याचे छप्पर काढतात, ती वगळलेली ओसरीच असते.

चांगली उदाहरणे तुरळक असली तरी आहेत. किचनमागे धुण्या-भांड्यांची उघडी जागा ठेवली की ओले काम घराबाहेर राहते. पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा, गच्चीवर पांढरा लेप आणि समोरासमोर खिडक्या यांनी उकाडा बराच कमी होतो. ओसरीच्या जागी सहा फूट रुंद व्हरांडा ठेवला, तर मोटारसायकल, शेताच्या चपला आणि मुलांचा अभ्यास तिथे सामावतो. भिंतीतले कोनाडे आणि फडताळे पुन्हा आणली, तर लोखंडी कपाटांनी अडवलेली जमीन मोकळी होते; शहाबादी फरशी, उघडी वीट आणि हे कोनाडे वेगळ्या सजावटीविना घराला रूप देतात.

एकूण पाहता, जिल्ह्यातील घररचना साहित्य आणि बांधकाम यांत पुढे गेली, मांडणीत मागे राहिली. आराखड्याची सुरुवात धान्य, पाणी, स्वयंपाक आणि धुणे यांच्या जागांपासून केली आणि हॉल उरलेल्या जागेत बसवला, तर आहे त्याच खर्चात घर सोयीचे होते, आणि पसारा लपवण्यावरचा खर्चही वाचतो.