'फकिरा' घेऊन वाटेगावला

अण्णा भाऊ साठे यांच्या वाचकाला दोन वाटा बोलावतात. एक त्यांच्या जन्मगावाची, वाटेगावची. दुसरी घाटकोपरच्या चिरागनगरची. १ ऑगस्टच्या जयंतीला या वाटांवर गर्दी असते. मी गर्दी नसताना, पिशवीत 'फकिरा' घालून वाटेगावला गेलो. वस्तीतल्या एका म्हातारीने विचारले, "हार घालाय आलाय, का बुक वाचून आलाय?" वाचक आणि लेखक यांच्या नात्याविषयी इतका रोखठोक प्रश्न मला कुठल्या समीक्षाग्रंथात भेटला नव्हता.

१९५९ सालच्या या कादंबरीबद्दल प्रस्थापित समीक्षेची तक्रार ठरलेली आहे : नायक अतिमानवी, प्रसंग अतिरंजित, भाषा पोवाड्याची. कॉलेजात मीही हेच लिहून गुण मिळवले. पण राणोजी जिथून जोगणी आणायला निघतो ते शिगाव आणि वाटेगाव आज एकाच वाळवे तालुक्यात आहेत. मी एस.टी.त बसून गेलो. तिकिटापलीकडे मला काही मोजावे लागले नाही. राणोजीने एवढ्याशा मुलखात जीव मोजला. अंतर तेच, पण चालणारा कोण आहे यावर त्याची लांबी ठरते. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांना सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी द्यायला लावली, त्यांच्यासाठी शीव ओलांडणे हीच असामान्य घटना होती. दुष्काळात माणसे जगवण्यासाठी फकिरा लुटीला निघतो, ते त्या हजेरीला दिलेले उत्तर आहे. मोकळेपणी फिरणाऱ्यांच्या मोजपट्टीने हे 'अतिरंजित'च दिसणार!

अण्णा भाऊंचे आयुष्यही वाटेवरचेच. लहानपणी आईबापांबरोबर ते वाटेगावहून मुंबईला पायी आले. पुढे स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि १९६१ साली स्वतः रशिया पाहिला. ज्याला शाळेत टिकू दिले नाही त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहावा, ही मराठी प्रवासवर्णनाच्या पांढरपेशा परंपरेला बसलेली चपराक होती. परंतु प्रेम आहे म्हणून बोलायचे नाही काय? वारणेच्या खोऱ्यातला खोत ज्या डोळ्याला अचूक दिसला, तो डोळा तिथे पाहुण्याचा झाला. स्टालिनच्या काळातल्या श्रमछावण्यांत लाखो माणसे कोंडली गेली होती; त्यांची सावली या पुस्तकावर पडत नाही. यजमान दाखवील तेवढेच पाहुणा पाहतो. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला. आज हे पुस्तक वाचताना त्यातली भूक खरी वाटते, पण उत्तर तपासावे लागते.

हे म्हटले की आपलेच लोक रागावतात. त्यांना मी 'फकिरा'ची अर्पणपत्रिका दाखवतो. ती कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, हे विसरू नये. त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध बजावले होते. तो इशारा साहित्यालाही लागू आहे. लेखकाला देव केले की त्याच्याशी भांडता येत नाही. आणि ज्याच्याशी भांडता येत नाही, तो आपला कसा?

म्हातारीला मी "वाचून आलोय" म्हणालो. ती म्हणाली, "मग बसा. आन् वाचून दावा." मी उंबऱ्याशी बसून पहिले पान उघडले. थोड्या वेळाने शेजारच्या चार बाया येऊन बसल्या. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवून माझे उच्चार दुरुस्त केले.