संरक्षणाचे माप : दिवेआगरच्या सागरी कासवांच्या निमित्ताने

प्राणिसंरक्षणाच्या कार्याचे मोल ठरविताना मानवी देखरेखीखाली किती पिले जन्मास आली, या आकड्याकडेच प्रथम लक्ष जाते. हे माप अपुरे असून प्रसंगी ते दिशाभूलही करते. रायगड जिल्ह्यातील दिवेआगरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचे जे कार्य चालते, त्याच्या संदर्भात या मापाची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

या कार्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने वेळास येथे आरंभ केला, त्यापूर्वी कोकणकिनाऱ्यावरील पुष्कळशी अंडी माणसे, कुत्री व कोल्हे यांच्याच मुखी जात. घरट्यातील शंभरएक अंडी कुंपणात हलवून पिले समुद्रात सोडण्याच्या पद्धतीने हा नाश रोखला, हे निर्विवाद होय.

परंतु हलविणे ही क्रिया निरुपद्रवी नव्हे. अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावण्याचा संभव असतो. शिवाय पिलाचे लिंग वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असते. वाळू तापली की माद्या अधिक निपजतात. तेव्हा कुंपण उन्हात आहे की सुरूच्या सावलीत, हा प्रश्न गौण मानता येत नाही. पिलांची संख्या भरघोस असूनही ती बहुतांशी माद्यांचीच असू शकेल.

चीनमधील महाकाय सॅलमँडरचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मांसासाठी हा उभयचर पाळीव तळ्यांत प्रचंड संख्येने वाढविला गेला. नद्यांतून मात्र तो जवळजवळ नाहीसा झाला. ज्यास एकच जाती समजत, तीत किमान पाच भिन्न वंश असल्याचे २०१८ साली जनुकीय अभ्यासातून दिसून आले. तोवर पाळीव प्राणी नद्यांत सोडले जाऊन वंशसंकराचा धोका उद्भवला होता. विपुलतेच्या आड ऱ्हास दडू शकतो, तो असा.

दिवेआगरला वंशसंकराचा प्रश्न नाही. आकड्यावर विसंबण्याचा मोह मात्र तोच आहे. भरतीचा वा कुत्र्यांचा उपद्रव जेथे नाही, तेथे घरटे मूळ जागीच राखावे. जेथे हलविणे अटळ, तेथे वाळूच्या तापमानाची नोंद ठेवावी. पिलू प्रौढ होण्यास दशकाहून अधिक काळ लागतो. म्हणून सोडलेल्या पिलांपेक्षा अंडी घालण्यास परतणाऱ्या माद्या, आणि त्यांच्यासाठी अंधारी व मोकळी राहिलेली पुळण, हेच संरक्षणाचे खरे माप होय.