चांद्रमातीतले शीत संलयन : दावा किती खोल?

शीत संलयनाची गोष्ट २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठाच्या पत्रकार परिषदेत सुरू झाली आणि बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी वर्षभरात संपलीही. फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम कोंबून रासायनिक क्रियेच्या हिशेबात न बसणारी उष्णता मिळाल्याचे सांगितले होते. इतरांना ती मिळेना. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मात्र पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत त्याच वर्षी ट्रिटियम आणि न्यूट्रॉन नोंदले गेले, आणि ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या लाखो पट. नेहमीच्या संलयनात दोन्ही साधारण सारखी निघतात. हा विषमपणा कुणाला नव्या भौतिकीची खूण वाटला, कुणाला मोजणीतला घोळ. गूगलच्या पैशावर झालेल्या फेरतपासणीचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला : पुरावा नाही.

हाच विचार चंद्रावर नेला की तो एकदम भारदस्त दिसू लागतो. तिथे वातावरण जवळजवळ नाही, चुंबकीय कवच नाही. सौरवाऱ्यातले प्रोटॉन सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने अब्जावधी वर्षे मातीवर आदळत आहेत. इल्मेनाइटसारखी टायटॅनियमयुक्त खनिजे तो हायड्रोजन आणि हेलियम धरून ठेवतात. मग पॅलेडियमच्या कांडीत जे घडते म्हणतात, ते तिथे आपोआप का घडू नये?

अडचण इंधनाचीच आहे. शीत संलयनाचे बहुतेक दावे ड्यूटेरियमवर उभे आहेत, आणि सूर्याने आपले ड्यूटेरियम बाल्यावस्थेतच जाळून त्याचे हेलियम-३ करून टाकले. पृथ्वीच्या पाण्यात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. चीनच्या छांग-अ-५ यानाने २०२० मध्ये आणलेल्या मातीच्या कणांची बाह्य कड तपासली, तेव्हा तिथले प्रमाण याच्या दशांशाहूनही कमी भरले. उरतात साधे प्रोटॉन. दोन प्रोटॉनांच्या संलयनाला क्षीण बलाची वाट पाहावी लागते. सूर्याच्या गाभ्यातल्या दीड कोटी अंशांतही एका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षे लागतात. चांद्रमातीत आलेल्या प्रोटॉनची ऊर्जा जेमतेम एक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि तीही काही क्षणांत विरून जाते.

गंमत अशी की कमी ऊर्जेच्या अणुकेंद्रीय अभिक्रिया चंद्रावर खरोखरच घडतात, आणि त्यांत गूढ काही नाही. विश्वकिरण मातीतली अणुकेंद्रे फोडतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते टकरा खात मंदावतात आणि कुठल्यातरी अणुकेंद्रात शिरतात. गॅडोलिनियम-१५७ ची न्यूट्रॉन गिळण्याची भूक तर अफाट. तो गॅडोलिनियम-१५८ होतो. अपोलोच्या नमुन्यांत हा बदल १९७०च्या सुमारासच मोजला गेला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या चांद्रवीरांनी सुमारे दोन मीटरची दांडी जमिनीत उतरवून न्यूट्रॉन प्रत्यक्ष मोजले. विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनला अणुकेंद्राची भिंत अडवत नाही, म्हणून त्याला नवी भौतिकी लागत नाही.

त्यामुळे चांद्रमातीत एखाद्या समस्थानिकाचे प्रमाण विचित्र दिसले, एवढ्यावरून शीत संलयनाकडे बोट दाखवणे मला घाईचे वाटते. आधी विश्वकिरणांचा वाटा वजा करा, मग सौरवाऱ्याने आयता आणून ठेवलेल्या मालाचा. हेलियम-३ हा असाच आयता माल आहे. तो तिथे तयार झालेला नाही, साठलेला आहे.

समर्थकांना एक कसोटी मात्र उपलब्ध आहे, आणि ती खोलीची. सौरवारा कणाच्या पृष्ठभागाखाली साधारण मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतकाच शिरतो. न्यूट्रॉनांचा प्रभाव जमिनीखाली मीटरभराच्या आसपास सर्वाधिक असतो. शीत संलयन होत असेल तर त्याची खूण कणांच्या सालीत दिसली पाहिजे, गाभ्यात नाही. त्यासाठी ट्रिटियमइतका बोलका साक्षीदार नाही, पण त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. अपोलोच्या नमुन्यांतले ट्रिटियम आता विसाव्या हिश्श्यापर्यंत उतरले असणार, आणि त्यातही सौर उद्रेकांनी पेरलेले व विश्वकिरणांनी घडवलेले मिसळलेले. हा तपास ताज्या मातीवरच व्हावा लागेल. नमुने आणण्यासाठी आखलेल्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. माती आलीच, तर त्यातले काही कण साल सोलून ट्रिटियमसाठी तपासायला हरकत नाही, आणि ते काम लांबणीवर टाकता येणार नाही.