लाल ड्रॅगनची चौकट

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 मधल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रौढ लाल ड्रॅगनची एक चौकट आहे. आर्मर क्लास 19, हिट पॉइंट्स 256, उडण्याचा वेग 80 फूट. खेळ चालवणारा घाईतला डंजन मास्टर एवढं वाचून थांबतो आणि टेबलावर एक अवाढव्य सरडा उभा करतो. माझी नजर मात्र दरवेळी त्याखालच्या ओळीवर रेंगाळते. ताकद 27, चपळाई अवघी 10, बुद्धी 16 आणि करिष्मा 21. नखं-दातांवर भागणाऱ्या प्राण्याला एवढा करिष्मा कशाला? त्याने आधी बोलावं म्हणून, असं मी समजतो.

बोलायचं कशावरून, तेही पुस्तकातच आहे. खजिन्यातलं एक नाणं कमी झालं तरी लाल ड्रॅगनच्या ते ध्यानात येऊ शकतं. ‘बेओवुल्फ’मधला ड्रॅगन चोरीला गेलेल्या एका पेल्यापायी पेटतो, टोल्किनच्या ‘द हॉबिट’मधला स्मॉगही पेल्यावरूनच खवळतो. त्या एका नाण्यामागे हा सगळा वंश उभा आहे. अंगठी घालून अदृश्य झालेल्या बिल्बोला स्मॉग वासावरून ओळखतो, तो प्रसंग आठवा आणि मग चौकटीतलं ‘ब्लाइंडसाइट 60 फूट’, म्हणजे न पाहताही तेवढ्या अंतरातलं जाणण्याची शक्ती, वाचा. अदृश्य होऊन सोन्यापर्यंत पोचलेल्या चोराकडे मान न वळवताच ड्रॅगन त्याला ‘ये, बस’ म्हणू शकतो. एका कोरड्या नोंदीत केवढा प्रवेश दडलाय!

ही भेट खरं तर गुहेच्या बरीच आधी सुरू होते. ड्रॅगनच्या ठिकाणाभोवती सहा मैलांत जमीन अधूनमधून हादरते, मैलभरातलं पाणी कोमट आणि गंधकाने नासलेलं असतं. कसलेला मास्टर हे वर्णन म्हणून वाचून दाखवत नाही. खेळाडू झऱ्यावर पखाली भरायला थांबतात, तेव्हा तो फक्त पाणी कोमट असल्याचं सांगतो. पुढे कोणी काही बोलत नाही, पण नकाशा बाहेर निघतो.

प्रत्यक्ष झुंजीतली अडचण जुनीच आहे. खेळाडू चार-पाच, ड्रॅगन एकटा. त्यांच्या प्रत्येकी एकेक खेळीला त्याची एकच खेळी पुरी पडत नाही. त्यावर 2014 च्या रचनाकारांनी काढलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. इतरांच्या खेळीच्या शेवटी ड्रॅगनला लेजंडरी अ‍ॅक्शन घेता येते; फेरीत अशा तीन, एका वेळी एक. शिवाय गुहेतच गाठ पडली, तर इनिशिएटिव्ह 20 वर, म्हणजे खेळीक्रमातल्या विसाच्या आकड्यावर, खुद्द गुहा खेळते: जमिनीतून लाव्हा उसळतो, धक्का बसतो किंवा विषारी वायू पसरतो, आणि तोच प्रकार लागोपाठ दोन फेऱ्या येत नाही. त्या विसाव्या मात्रेवर ठरलेली सम पडते आणि ड्रॅगन मधल्या जागा भरत जातो.

त्या जागांमधली सर्वांत सुरेख म्हणजे पंखांचा फटका. तीनपैकी दोन अ‍ॅक्शन खर्ची पडतात म्हणून बरेच मास्टर तो टाळून शेपटीवर भागवतात. पण नीट पाहा. दहा फुटांच्या आतले, सेव्ह (बचावाचा फासा) हुकलेले सगळे आडवे होतात आणि ड्रॅगन लगेच निम्म्या वेगाने, म्हणजे 40 फूट, वर उठू शकतो. पडलेल्याला उभं राहायलाच अर्धी चाल लागते. तीस फुटांची चाल असलेल्या योद्ध्याच्या हाती उरतात पंधरा फूट, आणि तलवार हवेत कुठवर पोचणार? यापुढची गंमत आणखी सूक्ष्म आहे. अग्निश्वास 60 फुटांच्या शंकूत पसरतो, आणि शंकूची रुंदी कुठेही तोंडापासूनच्या अंतराइतकीच असते. जमिनीवरून फुंकला तर पुढ्यातले एक-दोघे होरपळतील. 40 फुटांवरून खाली फुंकला तर 40 फूट रुंदीची जमीन पेटते. म्हणजे पंखांचा फटका ही श्वासाची पूर्वतयारी ठरते. हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की आपोआप उमलतं.

श्वासाचे अठरा फासे सरासरी 63 इजा करतात. एकदा फुंकला की ड्रॅगनच्या प्रत्येक खेळीच्या आरंभी सहा बाजूंचा फासा पडतो; पाच किंवा सहा आला तर श्वास परत. हा फासा पडद्याआड टाकणं मला अरसिकपणा वाटतो. तो सगळ्यांसमोर टाकावा आणि तीन आला की टेबलभर सुटलेला निःश्वास ऐकावा. 1981 च्या मोल्डवे-संपादित बेसिक नियमांत श्वास दिवसातून तीनदाच होता, आणि इजा ड्रॅगनच्या त्या क्षणी उरलेल्या हिट पॉइंट्सएवढी. जखमी ड्रॅगनचा श्वासही खंगलेला! अशी काव्यात्म नेमकी कल्पना नव्या नियमांत नाही, हे कबूल करायलाच हवं. श्वास परत येतो की नाही, हा फाशाचा ताण मात्र तिथे नव्हता.

लेजंडरी रेझिस्टन्सचं नाव काढलं की खेळाडू कुरकुरतात. हुकलेला सेव्ह दिवसातून तीनदा सफल ठरवायचा, मग मंत्र फुकट गेल्यासारखा वाटणारच. जाणता मास्टर तिथे आकडा सांगत नाही. मंत्र आदळतो, छातीवरचा एक मोठा खवला तडकून गळतो, ड्रॅगन शुद्धीवर येतो. दुसऱ्यांदा दुसरा खवला. तिसऱ्या वेळी खेळाडू स्वतःच मोजत असतात आणि फुकट गेलेला मंत्र त्यांच्या खाती जमा होतो.

शेवटचा पेच मोठा रसाळ. सोळा बुद्धीचा प्राणी साठ-सत्तर हिट पॉइंट्स उरेपर्यंत थांबणार नाही, उडून जाईल. पण नाण्यानाण्याची खबर असलेला हा जीव खजिना मागे टाकेल? निष्णात मास्टर त्याला खरंच गुहेबाहेर नेतो, दोन-तीन फेऱ्या नजरेआड ठेवतो आणि कोणी थैलीत सोनं भरू लागलं की वळवतो. मधल्या प्रत्येक फेरीत श्वासाचा फासा पडलेला असतो, आणि बहुधा एकदा तरी पाच किंवा सहा आलेला असतो.