‘९९ टक्के नाहीसं झालं’ म्हणजे नेमकं काय?

पाण्यातलं तणनाशक रासायनिक ऑक्सिडीकरणाने मोडण्याबद्दलचे शोधनिबंध आपण एकामागून एक वाचायला लागलो, की एक वाक्य हमखास भेटतं: ‘अ‍ॅट्राझिन ९९ टक्के नाहीसं झालं.’ आज या वाक्याचीच उलटतपासणी करू. अ‍ॅट्राझिन आपल्याला परकं नाही. उसात, मक्यात ते फवारलं जातं, मातीला फारसं चिकटून राहत नाही, पावसाबरोबर ओढ्याविहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याला लिटरमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला ०.१.

कृती तशी जुनी. लोहाचा क्षार, म्हणजे आपली हिराकस, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की सेंद्रिय पदार्थाचं ऑक्सिडीकरण होतं, हे फेंटन यांनी १८९४ साली टार्टारिक आम्लावर दाखवलं. खरं काम करतो तो हायड्रॉक्सिल रॅडिकल. समोर येईल त्याला चावतो! आणि गोची तिथेच आहे.

बहुतेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात होतात, तेही लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास तणनाशक घालून. आपल्या मानकाच्या ते ५००० पट झालं. तिथे रॅडिकलला दुसरं भक्ष्यच नाही. आता विहिरीचं पाणी घ्या. समजा त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे आणि अ‍ॅट्राझिन २ मायक्रोग्रॅम. बायकार्बोनेटशी रॅडिकलची अभिक्रिया शेकडो पट मंद असते, पण ते असतं किती तरी जास्त. दोन्हींचा हिशेब मांडला तर साधारण दीड हजार रॅडिकल बायकार्बोनेटवर खर्ची पडतात तेव्हा कुठे एक अ‍ॅट्राझिनपर्यंत पोचतो. पाण्यातला इतर सेंद्रिय मळ आपण अजून धरलेलाच नाही.

फेंटनवाले म्हणतील, आम्ही सामू ३ वर आणतो, बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. बरोबर आहे. पण त्यासाठी अशा हजार लिटर पाण्याला पाव किलोहून जास्त गंधकाम्ल लागतं. मग चुना घालून परत उदासीन करा, आणि खाली बसलेला लोहाचा गाळ कुठे टाकायचा तेही ठरवा. निबंधात या गाळाला एखादी ओळ मिळाली तरी नशीब.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. नाहीसं काय झालं? मोजलेला असतो फक्त मूळ रेणू. अ‍ॅट्राझिनच्या मधोमध तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन यांचं कडं असतं. रॅडिकल आधी बाजूच्या साखळ्या तोडतो. क्लोरीन कड्यावर तसाच राहतो. डीइथाइल अ‍ॅट्राझिनसारखे हे तुकडे अमेरिकेची पर्यावरण संस्था मूळ रेणूबरोबर एकाच गटात धरते, म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने सुटका झालेलीच नाही. अभिक्रिया लांबवली तर शेवटी सायन्युरिक आम्ल उरतं, आणि तिथे गाडी अडते. ते कडं रॅडिकलला सहसा फुटत नाही. सायन्युरिक आम्ल फारसं विषारी नाही हेही सांगायला हवं. पोहण्याच्या तलावात क्लोरीन उन्हाने उडू नये म्हणून लोक ते मुद्दाम घालतात. पण मग ‘संपूर्ण विघटन’ असं लिहू नका ना!

आमचं म्हणणं तंत्र टाकून द्या असं नाही. तणनाशकाच्या कारखान्याचं सांडपाणी, फवारणीच्या टाक्या धुतलेलं पाणी, जिथे प्रमाण मिलिग्रॅममध्ये आहे, तिथे ते शोभतं. फक्त किती टक्के गेलं याच्या शेजारी एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला, क्लोराइड किती सुटलं आणि कुठले तुकडे उरले, हे तीन आकडे द्या. कडं फोडणं जिवाणूंना जमतं. मिनेसोटात तणनाशक सांडलेल्या मातीतून वेगळा काढलेला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला स्यूडोमोनासचा वाण अ‍ॅट्राझिनचं थेट कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया करतो. म्हणून ऑक्सिडीकरणाच्या मागे जिवाणूंची टाकी जोडलेले प्रयोग आम्हाला जास्त पटतात, त्यांचे टक्के जरा कमी दिसले तरी.